सिमा : फिनलंडच्या वसंतातील घरगुती मधुपेय

मे महिन्याची पहिली तारीख महाराष्ट्राच्या स्थापनेची, तशीच जगभरातील कामगारांची. उत्तर युरोपातील फिनलंडमध्ये मात्र या दिवसाला आणखी एक अर्थ आहे. सहा-सात महिन्यांचा काळोख आणि बर्फ मागे सारून आलेल्या वसंताचे हे स्वागत असते. ‘वाप्पु’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या सणाची सुरुवात ३० एप्रिलच्या संध्याकाळी होते. हेलसिंकीच्या बाजारचौकात हाविस आमांडा नावाचा, १९०८ साली उभारलेला जलपरीसदृश तरुणीचा पुतळा आहे. विद्यार्थी त्याच्या डोक्यावर पांढरी टोपी चढवतात आणि शहरभर पांढऱ्या टोप्यांचा पूर येतो. दुसऱ्या दिवशी घरोघरची माणसे टोपल्या घेऊन काइव्होपुइस्तो उद्यानाच्या टेकडीवर जमतात. हवेत अजून गारठा असतो, कधी पाऊसही असतो. पण टोपलीत एक बाटली हटकून असते. तिच्यात फिकट सोनेरी रंगाचे, फसफसणारे पेय असते आणि त्यावर चार-सहा बेदाणे तरंगत असतात. हीच ‘सिमा’.

सिमा म्हणजे लिंबाच्या स्वादाचे, अत्यल्प अल्कोहोल असलेले मधुपेय. इंग्रजीत ज्याला ‘मीड’ म्हणतात, त्या मधापासून केलेल्या प्राचीन मद्याची ही सौम्य धाकटी बहीण. दारूच्या दुकानातून आणण्यापेक्षा ती घरी करण्याचीच परंपरा मोठी आहे. पाणी, मध किंवा साखर, लिंबू, चिमूटभर यीस्ट आणि मूठभर बेदाणे एवढ्या साहित्यावर आठवडाभरात ती तयार होते. वरवर पाहता हा केवळ एका परक्या सणाचा पदार्थ वाटेल. परंतु सिमा समजून घेताना आंबवण्याच्या क्रियेचे शास्त्र उलगडते, ‘घरगुती’ आणि ‘सौम्य’ या शब्दांच्या मर्यादा कळतात आणि, काहीसे अनपेक्षितपणे, आपल्या भाषेचे धागेही तिथे सापडतात.

मधु, मेसि आणि मक्षिका

संस्कृतातील ‘मधु’ हा शब्द भारत-युरोपीय भाषाकुळाच्या अतिशय जुन्या ठेव्यापैकी आहे. इंग्रजी ‘मीड’, लिथुएनियन ‘मिदुस’ आणि ग्रीकमधील मद्यवाचक ‘मेथु’ ही सारी त्याचीच भावंडे. मध आणि मद्य या दोन अर्थांमध्ये हा शब्द सर्वत्र हेलकावे खाताना दिसतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर ‘मधु’ म्हणजे द्राक्षांच्या रसापासून केलेले मद्य होय.

फिनिश भाषा या कुळातील नाही. तिचे गोत्र वेगळे आहे. तरीही मधासाठी तिथे ‘मेसि’ हा शब्द आहे आणि भाषाशास्त्रज्ञांच्या मते तो फार प्राचीन काळी ‘मधु’च्याच मूळ रूपावरून उसना घेतला गेला. मधमाशीला फिनिशमध्ये ‘मेहिलाइनेन’ म्हणतात. या शब्दाचे मूळही भारत-इराणी शाखेत, म्हणजे आपल्या ‘मक्षिका’ या शब्दाच्या घराण्यात शोधले जाते. मक्षिकेची मराठीत ‘माशी’ झाली. हजारो वर्षांपूर्वी युरेशियाच्या गवताळ प्रदेशात शेजारी नांदणाऱ्या लोकांनी एकमेकांना मधाबरोबर त्याचे शब्दही दिले असावेत, याची ही खूण.

फिनलंडचे राष्ट्रीय महाकाव्य मानले जाणारे ‘कालेवाला’ एलियास ल्योनरोत यांनी लोकगीतांवरून संकलित केले. त्याची पहिली आवृत्ती १८३५ ची, विस्तारित आवृत्ती १८४९ ची. त्यात एका लग्नासाठी बिअर करण्याचा प्रसंग आहे. ओस्मोतार ही स्त्री बिअर आंबवू पाहते, पण ती काही केल्या फसफसत नाही. पाइनची फळे घालून पाहिली जातात, अस्वलाच्या तोंडचा फेस आणला जातो, सारे व्यर्थ. अखेर मधमाशी दूरच्या कुरणातून मध घेऊन येते आणि पिंपातील पेय उसळू लागते. लोककथेचा हा तपशील शास्त्राच्या दृष्टीनेही अगदीच निराधार नाही. कारण रानातल्या मधात साखरेबरोबर सुप्त अवस्थेतील यीस्टही असू शकते.

मध्ययुगात मधुमद्य हे युरोपच्या उत्तर भागात मानाचे पेय होते. मात्र मध महाग आणि दुर्मिळ. पुढे साखर स्वस्त झाली, तसा सिमेतील मधाचा वाटा घटत गेला. आज बहुतेक फिनिश घरांत पांढरी आणि तपकिरी साखर निम्मी-निम्मी वापरतात. जुन्या चवीचे चाहते मात्र अजूनही मधाचा आग्रह धरतात.

मध का टिकतो आणि का आंबतो?

मधाची बरणी वर्षानुवर्षे टिकते, मग त्यात पाणी मिसळताच तो आंबू का लागतो? मधात पाण्याचा अंश साधारण पाचवा हिस्सा किंवा त्याहून कमी असतो. उरलेला भाग मुख्यतः फ्रुक्टोज व ग्लुकोज या साध्या शर्करांचा. इतक्या दाट द्रावणात कोणत्याही सूक्ष्मजीवाच्या पेशीतील पाणी बाहेर ओढले जाते आणि तो निष्क्रिय होतो. पाणी घातले की हा पहारा उठतो. यीस्टच्या पेशी साखर खाऊ लागतात व तिचे रूपांतर अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड यांत करतात. लुई पाश्चर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ही क्रिया जिवंत पेशींची असल्याचे दाखवले. पुढे १८९७ मध्ये एडुआर्ड बुखनर यांनी पेशी चिरडून काढलेला रसही साखर आंबवू शकतो हे सिद्ध केले. त्याबद्दल त्यांना १९०७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मधात साखर भरपूर असली, तरी यीस्टच्या वाढीला लागणारी नत्रयुक्त द्रव्ये फार थोडी असतात. त्यामुळे निव्वळ मधाचे मद्य संथपणे आंबते आणि मुरायला महिने लागतात. सिमेत ही अडचण जाणवत नाही. कारण तिथे सगळी साखर संपवायचीच नसते. हवा असतो तो थोडासा फेस आणि आंबूसपणाची किंचित छटा.

लिंबाचे काम केवळ स्वादापुरते नाही. त्याच्या आम्लामुळे द्रावण आंबट होते आणि अपायकारक जिवाणूंना तिथे वाढणे कठीण जाते. यीस्टला मात्र आम्लता मानवते. मधाची गोडी उथळ वाटू नये यासाठीही हा आंबटपणा हवाच.

कृती : चार लिटर पाण्याची

फिनिश घरांतील नेहमीचे प्रमाण असे : पाणी ४ लिटर, साखर एकूण ५०० ग्रॅम (पांढरी २५० व तपकिरी २५०), मोठी पिवळी लिंबे २, कोरडे यीस्ट पाव चमच्याहूनही कमी, आणि थोडे बेदाणे. मधाची सिमा करायची तर तपकिरी साखरेऐवजी सुमारे ३०० ग्रॅम मध घ्यावा. मधात पाणी असल्यामुळे तो साखरेपेक्षा थोडा अधिक लागतो. यीस्ट पावासाठी वापरतात तेच चालते.

लिंबे गरम पाण्याने चांगली धुऊन घ्यावीत, कारण सालीवर बहुधा मेणाचा थर असतो. वरची पिवळी साल पातळ सोलून ठेवावी. आतला पांढरा पापुद्रा कडू असतो, तो काढून टाकावा आणि गराच्या चकत्या कराव्यात. निम्मे पाणी उकळून त्यात साखर, साल व चकत्या घालाव्यात. मध घालण्याची घाई करू नये. उकळत्या पाण्यात त्याचा सुगंध उडून जातो. पाणी उतरवून थोडे निवले, की मग मध विरघळवावा. त्यानंतर उरलेले थंड पाणी ओतावे. हे पाणी पिण्यायोग्य, शंकास्पद असल्यास आधी उकळून गार केलेले असावे.

मिश्रण बोटाला कोमट लागले की यीस्ट घालायचे. अधिक गरम मिश्रणात यीस्ट मरते. भांड्यावर स्वच्छ कापड किंवा सैल झाकण ठेवून ते खोलीच्या तापमानात एक दिवस ठेवतात. घट्ट झाकण लावायचे नाही, कारण वायू बाहेर पडला पाहिजे. दुसऱ्या दिवशी पृष्ठभागावर बारीक बुडबुडे दिसतात. मग मिश्रण गाळून बाटल्यांत भरायचे. प्रत्येक बाटलीत चार-पाच बेदाणे आणि चमचाभर साखर घालण्याची रीत आहे. बाटली काठोकाठ न भरता वर चार बोटे जागा सोडायची आणि ती थंड जागी ठेवायची. शीतकपाटात साधारण आठवडाभरात सिमा पिण्याजोगी होते.

ती झाली हे ओळखायचे कसे? इथे बेदाणे कामाला येतात. सुरुवातीला ते तळाशी बसतात. पेयात वायू साठू लागला, की त्यांच्या सुरकुत्यांत बारीक बुडबुडे अडकतात आणि ते हलके होऊन वर येतात. सगळे बेदाणे वर तरंगू लागले की सिमा तयार. हे घरगुती परिमाण कोणत्याही उपकरणाविना पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे.

लिंबाऐवजी किंवा लिंबाबरोबर अन्य फळेही घालता येतात. फिनलंडमध्ये रुबार्बचे आंबट देठ याच हंगामात निघतात आणि त्यांची गुलाबी सिमा लोकप्रिय आहे. स्ट्रॉबेरी वा इतर रसाळ फळे घ्यायची असतील, तर ती थोड्या पाण्यात उकळून, रस गाळून घालावा. फळातही साखर असते, हे लक्षात ठेवून मधाचे प्रमाण त्या मानाने कमी करावे. फळ गोड असेल तर लिंबाचा रस वगळू नये.

सौम्यपणाचे गणित

सिमेतील अल्कोहोल सहसा एका टक्क्याच्या आतबाहेर असते. फिनलंडमध्ये ती मुलांनाही थोडी थोडी दिली जाते, ती यामुळेच. परंतु हा सौम्यपणा कशातून येतो, हे नीट समजून घेणे आवश्यक आहे. कारण नेमका इथेच अनेकांचा गैरसमज होतो.

ढोबळ हिशेब असा, की एका लिटरमागे १७ ग्रॅम साखर पूर्णपणे आंबली की सुमारे १ टक्का अल्कोहोल तयार होते. वरच्या कृतीत चार लिटर पाण्यात ५०० ग्रॅम साखर आहे. तयार मिश्रणाच्या लिटरमागे ती सुमारे ११५ ग्रॅम भरते. ही सगळी आंबली तर अल्कोहोल साडेसहा-सात टक्क्यांच्या घरात जाईल, म्हणजे नेहमीच्या बिअरपेक्षाही अधिक. सिमा सौम्य असते ती साखर कमी असल्यामुळे नव्हे, तर आंबण्याची क्रिया अर्ध्या वाटेत थंडीने रोखल्यामुळे. यीस्ट थोडे आणि थंडी पुरेशी, या दोन लगामांवर तिचा सौम्यपणा अवलंबून आहे. लगाम सैल सुटला, की पेय मुकाट्याने आपले स्वरूप बदलते.

महाराष्ट्राला याचे उदाहरण दूर शोधायला नको. पहाटे उतरवलेली नीरा गोड, निर्मळ आणि अल्कोहोलविरहित असते. ऊन चढते तशी ती आंबू लागते आणि दुपारपर्यंत तिची ताडी होते. झाड तेच, रस तोच. फरक पडतो तो वेळ आणि तापमानाचा. सिमेचेही तसेच आहे. मेच्या आरंभी हेलसिंकीत दिवसाचे तापमान दहा-बारा अंशांच्या आसपास असते, तिथल्या गार कोठीतली कृती चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात जशीच्या तशी लागू पडत नाही. अशा उष्म्यात काही तासांतच मिश्रण जोरात आंबू लागेल.

दुसरा धोका बाटलीतील दाबाचा. साखर आंबताना तिच्या वजनाच्या जवळपास निम्मा कार्बन डायऑक्साइड तयार होतो. बाजारातल्या सोड्याइतका फेस येण्यासाठी बंद बाटलीत लिटरमागे पंधरा ग्रॅम साखर आंबली तरी पुरे. सिमेच्या बाटलीत याच्या कितीतरी पट साखर शिल्लक असते. ती बाटली घट्ट बुचासह उबदार जागी विसरली गेली, तर वायूचा दाब वाढतच जातो आणि काच फुटू शकते. फुटणाऱ्या काचेचे तुकडे गंभीर इजा करतात. म्हणून जाणकार जाड प्लॅस्टिकच्या सोड्याच्या बाटल्या वापरतात. बाटली दाबून पाहिली आणि ती दगडासारखी टणक लागली, की ताबडतोब शीतकपाटात ठेवून नंतर बूच अगदी हळू सैल करायचे. तयार सिमा थंड जागीच ठेवावी आणि आठवडाभरात संपवावी. वर बुरशी दिसली किंवा कुजकट वास आला तर ती ओतून द्यावी.

विषबाधेची भीती आणि वस्तुस्थिती

‘घरी केलेली दारू’ म्हटले की मुंबईकरांना विषारी दारूच्या दुर्घटना आठवणे साहजिक आहे. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणी भागात अशा दारूने शंभरहून अधिक बळी घेतले. त्या दारूत मिथेनॉल होते. मिथेनॉल हे औद्योगिक रसायन आहे. स्वस्त नशेसाठी ते मिसळले जाते, तेव्हा अंधत्व आणि मृत्यू ओढवतात. मध किंवा फळे आंबवताना फळांतील पेक्टिनमुळे मिथेनॉलचा अगदी सूक्ष्म अंश तयार होतो. तो धोकादायक पातळीपासून फार दूर असतो. अशा दुर्घटनांचे मूळ आंबवण्याच्या क्रियेत नसून भेसळीत असते. हा फरक स्पष्ट असलेला बरा. मात्र घरी आंबवलेले कोणतेही पेय ऊर्धपातित करण्याचा, म्हणजे तापवून त्याचा अर्क काढण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. ते धोकादायक आहे आणि बहुतेक देशांत बेकायदाही.

खरी काळजी घ्यायची ती निराळ्या बाबतीत. सिमेत अल्कोहोल असतेच आणि घरगुती कृतीत ते नेमके किती, हे मोजल्याविना सांगता येत नाही. गर्भवती स्त्रिया, व्यसनमुक्तीचे उपचार घेणारे, अल्कोहोलशी विसंगत औषधे सुरू असणारे आणि वाहन चालवणार असणारे यांनी ‘हे तर लिंबूपाणीच’ असे मानून चालणार नाही. एक वर्षाखालील बाळाला तर मध कोणत्याही रूपात देऊ नये. त्यातील जिवाणूंचे बीजाणू तान्ह्या मुलांच्या आतड्यात विष निर्माण करू शकतात.

कायदा काय सांगतो?

फिनलंडनेही दारूबंदी अनुभवली आहे. १९१९ पासून १९३२ पर्यंत तिथे कडक बंदी होती. आज मात्र स्वतःच्या वापरासाठी घरी सौम्य आंबवलेली पेये करण्यास तिथे मुभा आहे. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरगुती बिअरला परवान्याची गरज राहिलेली नाही. अमेरिकेतही काही मर्यादेपर्यंत ती घरी करता येते. नोकरीनिमित्त अशा देशांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना स्थानिक नियम पाहून सिमा करता येईल.

महाराष्ट्रात परिस्थिती वेगळी आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार अल्कोहोल असलेला कोणताही द्रव ‘मद्य’ या व्याख्येत येतो आणि परवान्याविना त्याची निर्मिती हा तुरुंगवास व दंडास पात्र गुन्हा आहे. ‘फक्त एक टक्का’, ‘फक्त घरच्यांसाठी’ ही सबब त्यापुढे टिकणारी नाही. त्यामुळे वर दिलेली कृती पुण्या-मुंबईच्या स्वयंपाकघरात करून पाहण्यासाठी नाही. मधापासूनचे मद्य परवाना घेऊन तयार करणारे उद्योग मात्र अलीकडच्या वर्षांत पुणे आणि नाशिक परिसरात उभे राहिले आहेत.

या संदर्भात आपल्याच परंपरेतील एक नोंद उद्बोधक आहे. कौटिल्याने मद्यनिर्मितीवर राज्याचे कडक नियंत्रण सांगितले. पण त्याच अध्यायात गृहस्थांना कार्यप्रसंगी घरगुती सुरा आणि औषधासाठी अरिष्ट करण्याची मुभाही दिली. उत्सव-यात्रांसाठी चार दिवसांची सवलतही तिथे आहे. आयुर्वेदातील आसवे आणि अरिष्टे धायटीच्या फुलांच्या साहाय्याने आजही आंबवली जातात आणि द्राक्षासवात आपोआप निर्माण झालेले अल्कोहोल असते. घरगुती आंबवणे आणि राज्याचे नियमन यांचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचाच.

इथल्या घरांसाठी

महाराष्ट्रातील वाचकांना सिमेच्या चवीजवळ जायचे असेल, तर यीस्टशिवायही ते शक्य आहे. थोड्या कोमट पाण्यात चार चमचे मध विरघळवून त्यात एका लिंबाचा रस आणि किसलेली साल घालावी व ते चांगले गार करावे. आयत्या वेळी थंडगार सोडा ओतून वर बेदाणे सोडावेत. सोड्यातला वायूही बेदाण्यांना खालीवर नाचवतो. आंबलेल्या पेयाची खोली त्यात येणार नाही, पण कायदाही मोडणार नाही आणि मुलांनाही निर्धास्तपणे देता येईल.

मध मात्र चांगला हवा. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने बाजारातील मधाची तपासणी करून, अनेक नामांकित मधांत साखरेच्या पाकाची भेसळ असल्याचा निष्कर्ष मांडला होता. मधाची खरी ओळख फुलोऱ्यातून येते. महाबळेश्वरच्या जंगलातील जांभळाचा मध आणि काही वर्षांतून एकदाच फुलणाऱ्या कारवीचा मध यांच्या चवी अगदी निराळ्या. त्याच परिसरातील मांघर हे गाव २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले. थेट मधपाळांकडून घेतलेल्या मधाने लिंबाचे साधे सरबतही वेगळे लागते.

फिनलंडमध्ये सिमेबरोबर ‘तिप्पालैपा’ खातात. पातळ पिठाची धार गरम तेलात गोलगोल सोडून केलेला हा पदार्थ पाहताच मराठी माणसाला जिलबी आठवेल. फरक एवढाच, की तो पाकात न मुरवता त्यावर पिठीसाखर भुरभुरतात. ऋतू पालटला की माणसाला काहीतरी गोड, काहीतरी आंबट आणि चार माणसांची सोबत हवी असते. मधमाशीने गोळा केलेल्या फुलांच्या रसातून ही गरज भागवण्याची कला जगभर आढळते. ती किती वेळ आंबू द्यायची आणि कुठे थांबवायची, हे ज्याला कळले, त्यालाच या पेयाचा सौम्यपणा राखता येतो.